सरहद्दीवरला उजेड

यंदाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी ‘सरहद्द’ हे सूत्र मुक्रर केले, तेव्हा बेळगाव-निपाणीपासून वाघा-अटारीपर्यंतच्या साऱ्या ख्यातनाम सरहद्दी इतर लेखकांनी आधीच वाटून घेतल्या होत्या; उरली ती एकच, जिच्यासाठी आजवर कोणी सत्याग्रह केलेला नाही, जिच्यावर आयोग बसलेला नाही, आणि तरीही जी ओलांडल्यावाचून आपला पाण्याचा एक घोटही पिऊन होत नाही. पाणी जिथे संपते आणि हवा जिथे सुरू होते, किंवा धातू जिथे संपतो आणि त्यावरचा लेप जिथे सुरू होतो, त्या एखाद-दुसऱ्या रेणूइतक्या जाडीच्या मुलुखाविषयी मी बोलतो आहे. शालेय पुस्तकांत पृष्ठभाग म्हणजे पदार्थाचा शेवट, एवढेच सांगून पुढे जाण्याचा शिरस्ता आहे. प्रत्यक्षात तो एक स्वतंत्र इलाखा असून तिथला कायदा आतल्या मुलुखाहून निराळा आहे. आतल्या रेणूला चहूबाजूंनी सारखाच शेजार लाभतो. सरहद्दीवरच्या रेणूला मात्र खालच्या अंगाला स्वकीय आणि वरच्या अंगाला परकीय, अशा एकतर्फी परिस्थितीत नांदावे लागते, आणि गंजणे, भिजणे, चिकटणे, झिजणे, साबणाला फेस येणे, इतकेच काय, आपल्या फुप्फुसांतल्या वायुकोशांचे मिटून न जाणे, हे सारे व्यवहार याच एकतर्फीपणातून उद्भवतात.

अडचण आहे ती संख्याबळाची. दहा सेंटिमीटर पाणी भरलेल्या पेल्यात रेणूंचे थर एकावर एक मोजू गेल्यास ते तीस कोटींच्या वर भरतील, आणि त्यांतला सर्वांत वरचा एकच काय तो सरहद्दीचा. पेल्यावर प्रकाश पाडला तर परत येणाऱ्या प्रकाशात त्या एका थराची जबानी बाकीच्या कोट्यवधींच्या कोलाहलात बुडून जाते. हा एकच साक्षीदार बोलेल आणि इतर सारे आपण होऊन मौन पाळतील, अशी तजवीज निसर्गात असू शकते काय? ती आहे, अरैखिक प्रकाशिकी या काहीशा धाक घालणाऱ्या नावाच्या शास्त्राने ती शोधून काढली आहे, आणि तिचा रोजचा कारभार कसा चालतो हे पाहण्यासाठी मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत जाऊन बसू लागलो. संस्थेचे नाव छापू नये, ही तिथल्या प्रमुख बाईंची अट होती. नावामुळे पाहुणे वाढतात आणि पाहुण्यांबरोबर धूळ येते, असे त्यांचे म्हणणे पडले.

धुण्यात जाणारा दिवस

प्रयोगशाळेच्या पहिल्या खोलीत, हवेच्या गादीवर तरंगत्या ठेवलेल्या जड मेजावर, दुधी रंगाच्या टेफ्लॉनचे एक लांबट, अतिशय उथळ पात्र असते. सगळे त्याला नुसते ‘ट्रफ’ म्हणतात. त्यात काठोकाठ, किंबहुना काठाच्याही किंचित वर फुगून, पाणी भरलेले असते. पाण्यावर आडव्या टेकलेल्या दोन पट्ट्या यंत्राच्या साहाय्याने एकमेकींकडे सरकू शकतात. आणि मधोमध एका नाजूक तराजूच्या आकड्याला टिपकागदाचा चिमुकला तुकडा टांगलेला असून त्याचे खालचे टोक पाण्यात बुडालेले असते. पाण्याचा पृष्ठताण किती घटला हे या तुकड्यावरच्या ओढीवरून कळते. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण नेहमीच्या तापमानाला मीटरमागे सुमारे 72 मिलिन्यूटन असतो. त्यावर परक्या रेणूंची वस्ती झाली की तो उतरतो.

“सर, सकाळी थर टाकायचा नाही. सकाळी फक्त पाणी,” प्रबंधाचे काम करणारी विद्यार्थिनी म्हणाली, आणि ‘फक्त पाणी’ या दोन शब्दांत केवढा उद्योग सामावलेला आहे याची प्रचिती पुढे यथावकाश येत गेली. ट्रफ क्लोरोफॉर्मने पुसायचा, मग अल्कोहोलने, मग पाण्याने धुवायचा. पाणी असे घ्यायचे की त्यातले क्षार जवळजवळ निःशेष झालेले असून त्याचा विद्युत्‌रोध 18.2 मेगोहम-सेंटिमीटरच्या कमाल मर्यादेला भिडलेला असेल. काचेच्या पट्ट्या तीव्र गंधकाम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मिश्रणातून काढायच्या, ज्याला तिथली मंडळी सेंद्रिय पदार्थ फस्त करण्याच्या त्याच्या गुणामुळे ‘पिरान्हा’ म्हणतात. आणि इतके झाल्यावर पाण्यावर काहीही न टाकता दोन्ही पट्ट्या एकमेकींकडे आणून पाहायचे. पाणी खरोखर निर्मळ असेल तर पडद्यावरचा आकडा शून्याला धरून राहतो, 0.2 पर्यंतची आगळीक माफ असते. माझ्यासमोर तो 0.8 वर गेला.

“कोणीतरी आलंय,” ती शांतपणे म्हणाली, आणि बारीक नळीने पाण्याचा पृष्ठभाग चोखून घेऊ लागली. आलेला कोण, बोटाचा स्निग्धांश की हवेतला धूलिकण, याची चौकशी करण्याचा रिवाज नाही; पुन्हा धुवायचे, पुन्हा पट्ट्या आणायच्या. पावसाळ्यात आर्द्रतेने आरशांवर बाष्प धरते म्हणून, आणि गणपतीच्या आधी ढोलपथकांचा सराव सुरू झाला की पाण्यावर तरंग उठतात म्हणून, अशी निरनिराळ्या ऋतूंची निरनिराळी विघ्ने असतात. ढोल-ताशांच्या दिवसांत संध्याकाळचे मोजमाप पहाटेवर ढकलले जाते.

दुपारनंतर आकडा शून्यावर बसला, तेव्हा तिने बारीक सुईच्या पिचकारीत क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलेले स्टिअरिक आम्ल घेतले. मेणबत्त्यांत आणि साबणांत असणारे हेच ते मेदाम्ल. पन्नास मायक्रोलिटर द्रावणात ते एका ग्रॅमच्या वीस हजाराव्या हिश्श्याइतके होते, आणि तेवढ्यानेही दोनशे चौरस सेंटिमीटर पाणी दाटीवाटीने झाकले जाते. थेंब टेकवले, क्लोरोफॉर्म उडून जाण्याची वाट पाहिली, पट्ट्या सरकू लागल्या. बराच वेळ पडद्यावरची रेघ आडवी राहिली, कारण विरळ विखुरलेल्या रेणूंना अजून एकमेकांची खबर नव्हती. मग ती हळूहळू वर वळली, आणि दर रेणूमागे 0.20 चौरस नॅनोमीटर जागा उरली तेव्हा जवळजवळ सरळ उभी राहिली. जलप्रेमी मस्तक पाण्यात आणि मेदाळ शेपूट हवेत, अशा कवायतीच्या रांगेत सारे रेणू आता उभे होते. या अवस्थेत स्वच्छ काच मिनिटाला काही मिलिमीटर इतक्या मंद गतीने पाण्यातून वर काढली, की अख्खा थर तिच्यावर चढून येतो. जाडी अडीच नॅनोमीटर. असे चार लाख थर रचावे तेव्हा एक मिलिमीटर भरतो. वर आलेली काच डोळ्यांना कोरडी आणि कोरीच दिसते.

ब्राउनश्वाइगची मोरी

या ट्रफला जगभर अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांचे नाव चिकटलेले आहे, आणि काचेवर थर चढवण्याच्या कृतीला त्यांच्या जोडीने जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेतल्या कॅथरीन ब्लॉजेट यांचे. तथापि या उपकरणाचा मूळ दस्तऐवज शोधू गेल्यास तो कोणत्याही विद्यापीठात न सापडता जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग या गावी एका मध्यमवर्गीय घराच्या स्वयंपाकघरात सापडतो. आग्नेस पॉकेल्स 1862 साली जन्मली. मुलींच्या शाळेपलीकडे शिक्षणाची दारे तिच्यासाठी उघडी नव्हती. आजारी आईवडिलांची शुश्रूषा आणि घरकाम हेच तिचे प्राक्तन ठरलेले होते. भांड्यांच्या खरकट्या पाण्यावर तेलकटपणाचा जो अंमल चालतो त्याचे तिला कुतूहल वाटले, आणि विशीच्या आसपासच तिने पत्र्याचे एक पात्र घेतले: 70 सेंटिमीटर लांब, 5 रुंद, 2 उंच, काठोकाठ पाणी, त्यावर आडवी ठेवलेली दीड सेंटिमीटरची पत्र्याची पट्टी. पट्टी सरकवली की तिच्या एका बाजूचा पृष्ठभाग झाडून स्वच्छ होतो आणि दुसऱ्या बाजूची घाण दाटत जाते. पुण्यातल्या टेफ्लॉनच्या ट्रफमध्ये यांहून तत्त्वतः अधिक काही नाही. तराजू तेवढा संगणकाला जोडलेला आहे.

धाकटा भाऊ फ्रीडरिख मात्र विद्यापीठात जाऊ शकला, आणि भौतिकशास्त्राची पुस्तके घरी येऊ लागली ती त्याच्यामुळे. इंग्लंडात लॉर्ड रॅली याच विषयावर काम करीत आहेत असे कळल्यावर आग्नेसने जानेवारी 1891 मध्ये त्यांना जर्मनमध्ये पत्र लिहिले. लेडी रॅलींनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. आणि रॅलींनी, या क्षेत्रात आपल्याही पुढे कोणी अनामिक स्त्री गेलेली आहे हे मोकळ्या मनाने मान्य करून, ते ‘नेचर’ नियतकालिकाकडे धाडले. मार्चमध्ये ते छापून आले.

भावाची कथा इथे आणण्याचे कारण केवळ भाऊबिजेचा मोसम हे नाही. फ्रीडरिख पॉकेल्सने 1893 साली असे दाखवले, की काही विशिष्ट स्फटिकांना विद्युत्‌क्षेत्र लावले असता त्यांचा प्रकाश वाकवण्याचा गुण त्या क्षेत्राच्या प्रमाणात पालटतो; आणि हा गुण केवळ अशाच स्फटिकांत आढळतो ज्यांच्या रचनेला केंद्रसममिती नाही, म्हणजे ज्यांतला प्रत्येक अणू मध्यबिंदूतून पलीकडे नेला असता रचना पूर्ववत दिसत नाही. आज या परिणामाला त्याचेच नाव आहे. पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या खोलीत जो लेसर आहे, त्याच्या पोटात ऊर्जा साठू देऊन नेमक्या क्षणी दार उघडणारी जी स्फटिकाची झडप आहे, तिला तंत्रज्ञ दिवसातून दहा वेळा ‘पॉकेल्स सेल’ म्हणतात. भिंतीच्या एका अंगाला बहिणीचे पात्र आणि दुसऱ्या अंगाला भावाचा स्फटिक. दोघांनी मांडलेले प्रश्न या भिंतीशी एकत्र कसे आले, ते पाहण्यासाठी आता प्रकाशाकडे वळले पाहिजे.

दुप्पट होणारा प्रकाश

साधा प्रकाश पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांना ज्या लयीत हलवतो त्याच लयीत ते हलतात आणि त्याच रंगाचा प्रकाश परत देतात. प्रकाश अतिशय प्रखर झाला म्हणजे ही आज्ञाधारकता सुटते. भिंतीच्या अगदी लगत टांगलेला झोपाळा हलके ढकलला तर दोन्हीकडे सारखा जातो. पण जोर वाढला की मोकळ्या अंगाला लांब जातो आणि भिंतीच्या अंगाला अडतो, आणि त्या असमान झुल्यात मूळ लयीबरोबर दुप्पट लयही मिसळते. इलेक्ट्रॉनाच्या बाबतीत त्या दुप्पट लयीचा प्रकाश निर्माण होतो. बाजारातल्या अनेक हिरव्या लेसर-पॉइंटरांत मुळात अदृश्य अवरक्त प्रकाश असून आतला स्फटिक त्याची वारंवारता दुप्पट करतो, म्हणून आपल्याला हिरवा किरण दिसतो.

हा परिणाम प्रथम पाहिला तो पहिला लेसर प्रकाशल्यानंतर अवघ्या वर्षभरात, 1961 साली, अमेरिकेतल्या ॲन आर्बर इथे पीटर फ्रँकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. माणकाच्या लेसरचा लाल प्रकाश त्यांनी गारेच्या स्फटिकातून सोडला, आणि छायापट्टिकेवर निम्म्या तरंगलांबीच्या जंबुपार प्रकाशाचा एक अतिसूक्ष्म ठिपका उमटला. निबंध छापून आला तेव्हा ठिपक्याकडे बोट दाखवणारा बाण होता, ठिपका नव्हता. छपाईच्या ओघात कोणीतरी तो डाग समजून पुसून टाकला असे सांगतात. सूक्ष्म खुणा आणि मळ यांचा गोंधळ या शास्त्राच्या पत्रिकेतच लिहिलेला आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. झोपाळ्याला एकाच बाजूस भिंत हवी. दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर भिंती असतील तर झुला पुन्हा समतोल होतो आणि दुप्पट लय उमटत नाही. केंद्रसममिती असलेल्या पदार्थाच्या अंतर्भागात नेमके हेच घडते: पाणी, काच, तांबे, लोखंड, कोबाल्ट यांच्या आतला प्रत्येक कण दोन्हीकडून सारखाच वेढलेला असल्यामुळे दुप्पट वारंवारतेच्या बाबतीत सारा अंतर्भाग मुका राहतो. सममिती मोडते ती फक्त सरहद्दीवर. म्हणून परत आलेल्या प्रकाशातून दुप्पट वारंवारतेचा तेवढा गाळून घेतला, की कोट्यवधी थरांच्या गर्दीतून त्या एकट्या थराची जबानी ऐकू येते. अगदी काटेकोर बोलायचे तर अंतर्भागातूनही क्षीण कुजबुज येत असते, आणि तिचा हिशेब 1960 च्या दशकात निकोलास ब्लूमबर्जेन यांच्या हार्वर्डच्या परंपरेत मांडला गेला. त्या परंपरेतल्या 1968 च्या एका महत्त्वाच्या निबंधात, आणि त्याआधी धातूंच्या पृष्ठभागाच्या सिद्धांतात, सुधांशु झा यांचे नाव आहे, जे पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संचालक झाले. ब्लूमबर्जेन यांना 1981 चे नोबेल पारितोषिक मिळाले; आणि बर्कलीला वाय. आर. शेन यांनी या कल्पनेचे पृष्ठभाग वाचण्याच्या पद्धतीत रूपांतर केले. दोन निरनिराळ्या प्रकाशांची बेरीज करण्याची तिची भावंड-पद्धत वापरून त्यांच्या गटाने 1993 मध्ये दाखवले, की साध्या पाण्याच्या पृष्ठभागावरच्या रेणूंपैकी वीस टक्क्यांहून अधिक रेणूंचा एक हायड्रोजन हवेत मोकळा लोंबत असतो.

लेसरच्या खोलीत शिरण्याआधी हातातली घड्याळे-अंगठ्या उतरवून ठेवाव्या लागतात, कारण चकाकत्या धातूवरून उडालेला किरण डोळा कायमचा निकामी करू शकतो. लेसर निओडायमियम-यागचा, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर भिंगामागचा पडदा धुरकट झाला म्हणजे तो फोडायला नेत्रतज्ज्ञ वापरतात त्याच जातीचा. सेकंदाला दहा स्पंदे, तरंगलांबी 1064 नॅनोमीटर, डोळ्यांना संपूर्ण अदृश्य. ज्या काचेवर थर चढवलेला होता तिची मागची बाजू क्लोरोफॉर्मच्या बोळ्याने पुसून काढली, कारण काच पाण्यातून वर येताना थर दोन्ही अंगांना चढतो आणि दोन साक्षीदारांची जबानी एकमेकांत मिसळते. हा थर स्टिअरिक आम्लाचा नव्हे, तर एका टोकाने इलेक्ट्रॉन देणाऱ्या आणि दुसऱ्या टोकाने ते घेणाऱ्या, किंचित नारिंगी झाक असलेल्या रंगद्रव्याचा होता. असे एकतर्फी रेणू दुप्पट प्रकाश सढळपणे देतात. गाळण्यांमागून 532 नॅनोमीटरचे मोजके प्रकाशकण गणकात येऊ लागले आणि पडद्यावर आकडे चढले.

मग विद्यार्थिनीने दुसरी काच लावली. हिच्यावर दोन थर होते, पण दुसरा पहिल्यावर उलटा, मस्तकाला मस्तक भिडवून बसलेला. द्रव्य दुप्पट झालेले असूनही आकडा जवळजवळ तळाला गेला. दोन्ही थर एकाच दिशेला तोंड करून असते तर तीव्रता दुप्पट नव्हे, चौपट झाली असती; समोरासमोर आल्यामुळे त्यांनी मिळून पुन्हा सममिती साधली, आणि तत्क्षणी गप्प झाले. बहिणीने मोजलेला थर भावाने सांगितलेल्या नियमापुढे असा उभा राहतो.

चुंबकाची साक्ष

तिसऱ्या खोलीत निर्वात चेंबर आहे. पंपांचा अखंड गुंजारव, खिडकीतून दिसणारी आरगॉनची जांभळी प्रभा, आणि तिच्या माऱ्याने कोबाल्टच्या तबकडीवरून उडालेले अणू समोरच्या सिलिकॉनवर बसत असताना जाडी मोजणाऱ्या स्फटिकाचा सरकता आकडा: इथे काही नॅनोमीटर जाडीची चुंबकीय पटले तयार होतात. चुंबकावरून परावर्तित प्रकाशाचे ध्रुवण किंचित वळते हे जॉन कर यांनी 1877 साली दाखवलेच होते, आणि आजही नव्या पटलाची पहिली हजेरी त्याच पद्धतीने घेतली जाते. पण ते वळण सामान्यतः एका अंशाहूनही कमी असते, आणि त्यात अंतर्भाग व सरहद्द यांचा आवाज एकत्र मिसळलेला असतो.

दुप्पट प्रकाशाचा उपाय इथेही चालावा यात एक सुंदर गोम आहे. चुंबकत्व फिरत्या प्रवाहासारखे वागते. आणि वर्तुळात फिरणारा प्रवाह मध्यबिंदूतून पलीकडे उलटवला तरी त्याच्या फिरण्याची दिशा तीच राहते. म्हणजे पदार्थ चुंबकित झाला तरी त्याच्या अंतर्भागाची केंद्रसममिती मोडत नाही, आणि तो मुका तो मुकाच राहतो. सरहद्दीच्या आवाजात मात्र चुंबकाच्या दिशेचा स्वर मिसळतो. बर्कलीच्या पॅन, वेई आणि शेन यांनी 1989 मध्ये हे सैद्धांतिक पातळीवर मांडले, 1991 मध्ये जर्मन संशोधकांनी लोखंडाच्या पृष्ठभागावर ते पाहिले, आणि पुढे नेदरलंड्समधल्या नायमेखेनला थेओ रासिंग यांच्या गटाने बहुस्तरी पटलांत, साध्या पद्धतीत अंशाच्या अपूर्णांकात रेंगाळणारे वळण दुप्पट प्रकाशात अनेक पटींनी मोठे होते, असे दाखवले. पुण्यात विद्युत्‌चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये कोबाल्टचे पटल बसवून विद्यार्थिनीने “आता फील्ड उलटवते” म्हटले आणि बटण फिरवले, तेव्हा प्रकाशकणांचा आकडा डोळ्यांदेखत एका पातळीवरून दुसरीवर उतरला. परत फिरवले, परत चढला.

याचे मोल ज्यांना कळावे असे वाटते त्यांनी संगणकाच्या तबकडीची आठवण करावी. लोखंड आणि क्रोमियम यांचे नॅनोमीटर जाडीचे थर एकाआड एक रचले असता चुंबकक्षेत्रात त्यांचा विद्युत्‌रोध कमालीचा बदलतो, हे 1988 मध्ये फ्रान्सचे आल्बेर फेर आणि जर्मनीचे पेटर ग्र्युनबर्ग यांनी परस्परनिरपेक्ष शोधले. त्यांना 2007 चे नोबेल मिळाले, आणि 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून तबकड्यांवरची माहिती वाचणारी टोके याच तत्त्वावर बनू लागली. या सगळ्या चमत्काराचे घटनास्थळ थरांमधली पुरलेली सरहद्द हे आहे. तिथे सुई पोचत नाही. प्रकाश मात्र धातूच्या काही डझन थरांतून सहज आत जाऊन परत येतो.

पुराव्याचा कायदा

बाईंच्या गटाला आता चुंबक आणि रेणू यांची सोयरीक जुळवायची आहे: कोबाल्टवर सेंद्रिय रेणूंचा एकच थर बसवला, तर खालच्या धातूच्या सर्वांत वरच्या अणूंचे चुंबकत्व किती आणि कसे पालटते? कल्पना अगदी नवी नाही. 1978 मध्ये मेल्विन पॉमरँट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्लॉजेट यांच्याच रीतीने मँगेनीज स्टिअरेटचा थर चढवून अणूंच्या एकाच पापुद्र्याचा चुंबक बनवला होता. घरगुती पेच असा, की सर्वांत देखणा थर पाण्यावर तयार होतो आणि कोबाल्ट पाण्यात गंजतो. तेव्हा ट्रफला बगल देऊन, छपाईच्या निळ्या शाईत वापरतात त्या थॅलोसायनिन कुळातले रेणू निर्वातातच तापवून कोबाल्टवर बसवायचे, म्हणजे थराची शिस्त काहीशी ढिली पत्करायची, असा तह सध्या झालेला आहे.

“सिग्नल मिळाला की आनंद करायचा नाही,” बाई म्हणाल्या. “तो सिग्नल नाही, हे आधी सिद्ध करायचा प्रयत्न करायचा.” मग त्यांनी शिरस्ता सांगितला. लेसरची तीव्रता निम्मी करा; आकडा चतुर्थांशावर आला नाही तर तो दुप्पट प्रकाशच नव्हे. गाळणी स्वतःच चमकते का पाहा. ध्रुवण फिरवा. कोऱ्या काचेवर तेच मोजा. नमुना चेंबरमधून काढून हवेत ठेवा आणि आकडा किती वेळात बिघडतो ते पाहा. मुळीच बिघडला नाही, तर आपण सरहद्द ऐकत नव्हतोच. फौजदारी न्यायालयातही इतका अविश्वास क्वचित आढळेल, आणि तरीही या अविश्वासात कटुता नाही. कारण जिथे दोषी आणि निर्दोष यांच्यातले अंतर बोटाच्या एका स्पर्शाइतके असते, तिथे संशय हीच सभ्यता ठरते.

आग्नेस पॉकेल्सला ब्राउनश्वाइगच्या तांत्रिक विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली ती 1932 साली, तिच्या सत्तरीत. त्याच वर्षी लँगम्यूर यांना पृष्ठभागाच्या रसायनशास्त्राबद्दल नोबेल मिळाले. भाऊ 1913 मध्येच निवर्तला होता. विद्यापीठाच्या उंबरठ्याबाहेर राहिलेल्या त्या बाईने या शास्त्राला जे मूळ भांडवल दिले, ते गणिताचे नव्हते: मळ कोणता आणि पदार्थ कोणता हे ठरवल्यावाचून सरहद्दीविषयी एक अक्षरही बोलता येत नाही, ही समज तिने दिली, आणि लेसर, निर्वात पंप व गणक हे त्याच समजुतीचे पुढचे अवतार आहेत. बाईंना दरसाल जो अहवाल पाठवावा लागतो त्यात ‘समाजाला उपयोग’ असा एक रकाना असतो आणि त्यात त्या स्मृतितबकड्या, संवेदक वगैरे प्रामाणिकपणे लिहितात. त्याच्या शेजारी ‘काय काय धुतले’ असाही एक रकाना ठेवला असता, तर मंजुरी देणाऱ्या कचेऱ्यांना हे संशोधन कशाने पुढे सरकते याचा दाखला सरकारदफ्तरी आपसूक मिळाला असता.